विश्रामबागवाडा : वास्तू आणि उपयोग

पुण्याच्या विश्रामबागवाड्याची स्तुती बहुधा त्याच्या दर्शनी भागापाशीच थांबते. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, केळफुलांची नक्षी आणि रस्त्यावर आलेला सज्जा यांवरून उत्तर पेशवाईतील वास्तुकलेविषयी सरसकट विधाने केली जातात. परंतु १८७९ च्या आगीत नेमकी याच भागाची हानी झाली व लोकवर्गणी आणि नगरपालिकेचे साहाय्य यांच्या बळावर तो पुन्हा उभारला गेला, ही गोष्ट दृष्टीआड होते. तेव्हा जतन करावयाची वास्तू ही केवळ दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधविलेला वाडा नव्हे. नगराने आपला मानून पुन्हा उभा केलेला वाडाही तीच होय.

१८१८ मध्ये धनी गेला, तरी वाडा ओस पडला नाही. १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे शाळा, टपालकचेरी आणि नगरपालिकेच्या कचेऱ्या यांनी तो नांदता ठेवला. उलट १८२८ च्या आगीनंतर शनिवारवाड्याची तटबंदी, दरवाजे व जोती एवढेच उरले. अर्थात उपयोग हे अभयदान नव्हे : १८७९ मध्येच जळालेला बुधवारवाडाही वापरातला होता, तो मात्र पुन्हा उठला नाही.

उपयोग कोणता, हा खरा प्रश्न आहे. वाड्याचा उजेड आणि वारा चौकातून येतो. भार मुख्यतः सागवानी खांब व तुळया पेलतात. कचेरीला हव्या असतात बंद खोल्या. म्हणून दिवाणखान्यात आडभिंती उठतात, सोपे बुजतात, आणि भिंतीत मुरलेले पाणी तुळईची टोके कुजवीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. अशा जतनात कवच राहते, घर नाहीसे होते.

याच्या अगदी उलट टोक भिडेवाड्याचे. १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा जेथे सुरू केली, ती वास्तू राष्ट्रीय स्मारकासाठी २०२३ मध्ये पाडण्यात आली. मोडकळीस आलेल्या घराविषयीचा तो निर्णय अपरिहार्य म्हणता येईल. तथापि तेथे स्मृती राखली गेली, वास्तू नव्हे, हा भेद अभ्यासकाने पुसू नये.

विश्रामबागवाड्यात नगराच्या इतिहासाचे प्रदर्शन मांडले गेले, हे उचितच. मात्र त्यातील पहिली वस्तू वाडाच असावयास हवी : कोणता खांब मूळचा, कोणता १८७९ नंतरचा, याची नोंद त्या त्या खांबापाशीच वाचावयास मिळाली पाहिजे.