खडूचे डाग कुणी पुसायचे?

‘तोत्तोचान’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सातवीत होतो आणि मला त्यातले फक्त आगगाडीचे डबे आवडले होते. डब्यांत वर्ग भरणारी शाळा! दुसऱ्यांदा वाचलं ते एका शाळेत वर्षभर पाचवीला शिकवून झाल्यावर. या वेळी डबे बाजूला राहिले आणि मला जरा शरमल्यासारखं झालं.

माझ्या वर्गात भिंतीवर ‘चांगल्या सवयी’ असा तक्ता होता. दहा मुद्दे, रंगीत अक्षरं. त्याच तक्त्याखाली बसणाऱ्या एका मुलानं खडूनं सगळ्या बाकावर स्वतःचं नाव लिहिलं. मी त्याला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. बाक पुसला शिपाईमामांनी. तेव्हा मला यात काहीच चुकीचं वाटलं नव्हतं.

तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानमध्ये 1981 साली आलं. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या मराठी अनुवादामुळे ते आपल्याकडेही घरोघरी पोचलं. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली एक मुलगी तोक्योतल्या ‘तोमोई’ नावाच्या छोट्या शाळेत येते. तिथले मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी पहिल्याच दिवशी सुमारे चार तास तिची बडबड ऐकून घेतात. एवढ्यावरून आपण पुस्तकाला लेबल लावून टाकतो: मुलांना मोकळं सोडणाऱ्या शाळेची गोष्ट. रील्समध्ये, शिक्षकदिनाच्या भाषणांत हेच येतं.

मला हे वाचन अपुरं वाटतं. तोमोई ही सवयींच्या बाबतीत भलतीच काटेकोर शाळा आहे. फक्त तिथे सवयींची यादी भिंतीवर टांगलेली नाही.

खडूचाच प्रसंग बघा. संगीताच्या तासाला मुलं सभागृहाच्या जमिनीवर पालथी पडून खडूनं मोठमोठ्या स्वरखुणा काढतात. कागदासारखी जागा संपायची भीती नाही, खडू घसरला तरी चालतं. तास संपला की मात्र ब्रश आणि फडकी घेऊन ती अख्खी जमीन त्यांनाच साफ करावी लागते. खडू पुसायला किती घाम गाळावा लागतो हे कळल्यावर तोमोईची मुलं इतर कुठे रेघोट्या मारत नाहीत. कोबायाशींनी स्वच्छतेवर एक शब्दही खर्च केलेला नाही. त्यांनी गंमत आणि तिची किंमत एकाच तासात बसवली.

दुसरा प्रसंग सगळ्यांना आठवतो. तोत्तोचानचं आवडतं पाकीट शौचालयाच्या खड्ड्यात पडतं आणि ती मोठा डाव घेऊन घाण बाहेर काढत बसते. कोबायाशी तिथून जातात, काय चाललंय ते विचारतात आणि झाल्यावर हे सगळं परत आत टाकशील ना, एवढंच म्हणून पुढे जातात. पाकीट सापडत नाही, पण ती ढीग परत भरते. यात मोकळीक आहे हे तर दिसतंच. मला आता त्यातली अट जास्त महत्त्वाची वाटते. ‘तू केलंस, तू निस्तर’ हे वाक्य आपणही मुलांना ऐकवतो, पण आपल्या तोंडी ते शिक्षा होऊन येतं. कोबायाशींच्या तोंडी तो विश्वास आहे.

तिसरा प्रसंग मोठ्यांचा आहे. ज्याची उंची वाढणार नाही अशा ताकाहाशीला एक शिक्षिका शिकवता शिकवता गमतीनं विचारते, तुला शेपूट आहे का. याच मुलाला जिंकल्याचा आनंद मिळावा म्हणून कोबायाशींनी क्रीडादिनाच्या शर्यती आखलेल्या असतात. ते त्या शिक्षिकेवर संतापतात, पण स्वयंपाकघरात, मुलांच्या माघारी. तोत्तोचानच्या कानावर ते योगायोगानं पडतं. बोलण्याचीही सवय असते आणि ती आधी शिक्षकांना लावावी लागते, हे सांगणारं याहून नेमकं प्रकरण या पुस्तकात नाही.

इथेच माझी तक्रारही आहे. हे एका कृतज्ञ विद्यार्थिनीनं लिहिलेलं पुस्तक आहे, त्यामुळे कोबायाशी जवळजवळ कधीच चुकत नाहीत. त्यांचा फसलेला तास, त्यांची चिडचिड, एखाद्या मुलापुढे टेकलेले हात यांतलं फारसं काही आपल्याला दिसत नाही. स्वयंपाकघरात रडणारी ती शिक्षिका दुसऱ्या दिवशी वर्गात कशी गेली असेल? मला तिच्याबद्दल वाचायचं होतं, कारण आपल्यातले बहुतेकजण कोबायाशी नसून ती शिक्षिका आहोत. शिवाय तोमोईत सगळी मिळून पन्नासेक मुलं. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या हाती हे पुस्तक नुसतं ठेवलं, तर त्याला ते टोमण्यासारखंही वाटू शकतं.

तरीही मी ते ठेवीन. आगगाडीचे डबे मिळवायला पैसे लागतात, खडू आणि फडक्याला लागत नाहीत. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तोमोई जळाली, डब्यांसकट. त्यानंतर इतक्या वर्षांनी एका मुलीला जमीन पुसल्याचं आठवत होतं, म्हणजे ती सवय इमारतीत नव्हती.

माझ्या वर्गातला तो मुलगा त्या तासात काय शिकला असेल? सापडलं तर बाहेर उभं राहायचं, आणि पुसायचं काम शिपाईमामांचं. खरं तर फडकं माझ्या टेबलाच्या खणात होतं. दोन फडकी होती. एक त्याला देऊन दुसरं मी घेतलं असतं, तर पाच मिनिटांत बाक लख्ख झाला असता.