भोपळ्यातली म्हातारी आणि झाडीचा मुलूख

भोपळ्यात बसून लेकीच्या गावाहून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मराठी घरांत किती पिढ्या सांगितली जात आहे, याचा दाखला कोणत्याही दफ्तरी मिळणार नाही. परंतु बालकथेतील पात्राने विस्मय कसा उत्पन्न करावा याचा विचार करू लागलो की मी प्रथम तिच्याकडेच वळतो. तिला जादू अवगत नाही, आणि बळाने तर ती कथेतील सर्वांत दुबळी. वाटेत अडवणाऱ्या वाघाला ती एवढेच पटवते की लेकीकडचे तूप खाऊन पुष्ट झालेला देह आजच्या हाडांपेक्षा अधिक रुचकर लागेल. वाघाची भूकच अशी तिने आपल्या बाजूची साक्षीदार केल्यामुळे तिचे वर्तन अनपेक्षित असूनही असंभाव्य वाटत नाही.

छापील बालवाङ्मयात हे मर्म गवसलेले लेखक थोडे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या पोरका आहे, पण केविलवाणा नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे अंगाने काटकुळा. त्याची चपळाई मात्र त्या काटकुळ्या अंगातूनच उपजलेली, म्हणून तो खरा वाटतो. उलट, आज हाती येणाऱ्या कित्येक कथांत बालनायक लेखकाचा हुकूम घेऊनच अवतरतो : पहिल्या पानावर आळशी, शेवटच्या पानावर उद्योगी, आणि मधल्या पानांत स्वतःचे असे एकही मत नाही. त्याच्या जागी कोणी यंत्रमानव आणतो. परंतु त्याच्याही तोंडी तोच उपदेश असल्यामुळे पोशाख तेवढा बदलतो.

ब्रह्मपुरीत बसून हे लिहिताना खंत अधिक वाटते. वैनगंगेच्या या खोऱ्यात, म्हणजे झाडीपट्टीत, वाघ हा वनखात्याच्या पंचनाम्यात नोंदला जाणारा शेजारी आहे. विलास मनोहरांच्या ‘नेगल’मध्ये हेमलकशाच्या बिबट्याला सवयी आहेत, लळा आहे, आणि तरीही त्याचे बिबटेपण लेखकाने पुसलेले नाही. धान निघाले की झाडीपट्टीची नाटके गावोगाव रात्रभर चालतात. तेथे आईच्या मांडीवर पेंगणारे पोर खडबडून जागे होते ते नटाने झाडीबोलीत, हुबेहूब आपल्या आजीच्या हेलात, एखाद्या बड्या पात्राला प्रत्युत्तर दिले म्हणजे. मुलांसाठी लिहिताना मात्र आपण ही बोली उंबरठ्याबाहेर ठेवतो आणि पात्राच्या तोंडी क्रमिक पुस्तकाची भाषा घालतो. त्याच्या अंगची निम्मी नवलाई तेथेच संपते.

शेजारच्या एका मुलीला मी म्हातारीची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने ती परत सांगताना भोपळाच काढून टाकला. तिची म्हातारी मोहफुले वेचायला निघालेल्या बायांचा घोळका येईपर्यंत बांधीच्या धुऱ्यावर बसून राहते, आणि झुडपातून लहानसा वाघ बाहेर येताच त्याला विचारते, तुझी माय कुठे आहे? मी कारण विचारले. एवढासा वाघ एकटा नसतो, ती म्हणाली.