तेराव्या माणसाची भीती

सिडनी लुमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) तुम्ही पाहिला नसेल, तरी बासू चॅटर्जींनी त्यावरून केलेला ‘एक रुका हुआ फैसला’ पाहिला असेल. बंद खोली, बारा ज्यूरर, एका मुलाचा जीव. मला हा सिनेमा आवडतो. पण हल्ली तो बघताना वाटतं, या टेबलाशी एखादी बधिर व्यक्ती बसू शकली असती का?

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न खरोखरच कोर्टात गेला. क्वीन्सलँडच्या गे लायन्स यांना २०१२ मध्ये ज्यूरीसाठी बोलावणं आलं. त्या बधिर आहेत. त्यांनी ऑस्लॅनचा, म्हणजे तिथल्या खुणांच्या भाषेचा, दुभाषी मागितला आणि त्यांना ज्यूरीतून वगळलं गेलं. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची बाजू फेटाळली. कारण काय, तर ज्यूरीच्या खोलीत तेरावा माणूस बसवायला क्वीन्सलँडच्या कायद्यात परवानगीच नव्हती.

आता सिनेमा आठवा. खालच्या मजल्यावरचा म्हातारा सांगतो, मुलाची धमकी मी ऐकली. पण तेव्हा खिडकीबाहेरून रेल्वे धडधडत जात होती, त्यात शब्द कळणंच कठीण. हे लक्षात आल्यावर खटला डळमळू लागतो. कानावर पडलं म्हणून ते खरं ठरत नाही, हे सिनेमाच आपल्याला सांगतो.

खोलीतही तेच. बाराही जणांना ऐकू येतं, पण एकमेकांवर ओरडताना ऐकतं कोण? दहावा ज्यूरर विष ओकू लागतो, तेव्हा एकेक जण उठून त्याच्याकडे पाठ फिरवतो. सिनेमातलं सगळ्यात ठाम उत्तर असं न बोलता दिलं जातं.

दुभाषी असेल तर एका वेळी एकानेच बोलावं लागतं. लुमेटच्या खोलीला हीच शिस्त हवी होती.

गुप्ततेची काळजी खरी आहे, पण त्यावर उपाय आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ च्या कायद्याने खुणांच्या भाषेचा दुभाषी ज्यूरीच्या खोलीत येऊ शकतो. त्याने चर्चेवर प्रभाव टाकायचा नाही, असं बंधनही आहे.

लुमेटच्या टेबलाभोवती म्हातारा आहे, परदेशातून आलेला घड्याळजी आहे, झोपडपट्टीत वाढलेला तरुण आहे. बाई मात्र एकही नाही, हे आज लगेच खटकतं. बधिर माणूस नाही, हे अजून किती जणांना खटकतं?