मलिक-ए-मैदान : रूप आणि कर्तृत्व
विजापूरच्या शेरझा बुरुजावरील ‘मलिक-ए-मैदान’ तोफेचा विचार बहुधा शस्त्र म्हणूनच होतो. सुमारे १४ फूट लांबीची ही तोफ इ. स. १५४९ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे महंमद रूमी याने ओतली. तिच्या तोंडाशी जबडा पसरलेले श्वापद असून त्याच्या दातांत हत्ती चिरडला जात आहे. हे शिल्प वरून जडविलेले अलंकरण नव्हे. श्वापदाचा जबडा हेच तोफेचे मुख होय. उपयोग व रूप येथे अभिन्न झाले आहेत. कोरीव लेखांत निजामशहाबरोबर कारागिराचेही नाव आहे. पुढे १६८६ साली औरंगजेबाचा विजयलेख त्यांत जोडला गेला. जेत्याचा लेख मालकी सांगतो, कारागिराचा कर्तृत्व. तोफ केवळ विजापूरची मानल्यास अहमदनगरच्या ओतकामाचे श्रेय लोपते, आणि कलेतिहास तेवढाच अपुरा राहतो.