रक्तपेशी तांदळाएवढी कशी झाली?

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गासाठी मी एक टिपण तयार केले होते. माणसाच्या लाल रक्तपेशीचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर असतो, असे त्यात होते. जुन्या फाइलमधला मजकूर उतरवून घेऊन मी तो सर्वांना मोबाइलवर पाठवला. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी विचारले, "सर, रक्तपेशी तांदळाच्या दाण्याएवढी असते का हो?" त्यांच्या मोबाइलवर मायक्रोमीटरचे मिलिमीटर झाले होते. चूक तब्बल हजारपट, आणि टंकताना मात्र एकही चूक झालेली नव्हती!

असे का व्हावे? संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे संकेतप्रणाली ठरवते. ते अक्षर कसे दिसावे, हे फाँट ठरवतो. 'सिम्बॉल' नावाच्या फाँटमध्ये रोमन 'एम'च्या जागी ग्रीक 'म्यू'चे (µ) चित्र बसवलेले होते. साठवला जाई 'एम'चाच आकडा, १०९. दिसे मात्र म्यू. मजकूर दुसरीकडे नेताना फाँट गळाला, की आतला 'एम' उघडा पडे. जुन्या मराठी फाँटमधली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली, की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, त्याचेही कारण हेच. फरक इतकाच, की कचरा चटकन लक्षात येतो. मायक्रोचे मिलि झालेले लक्षात येत नाही.

या रोगावरचा उपाय म्हणून युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिचे मुख्य तत्त्व असे, की अर्थ संकेतात हवा, फाँटच्या चित्रात नव्हे. देवनागरीला २३०४ ते २४३१ हे आकडे मिळाले. भारत सरकारने जुलै २०१० मध्ये रुपयाचे चिन्ह (₹) स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडने त्याला ८३७७ हा आकडा दिला. या तत्त्वाबद्दल युनिकोडचे कौतुक करावे तितके थोडेच. पण विज्ञानाच्या चिन्हांपाशी हे तत्त्व पूर्णपणे पाळले गेलेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

पहिला दोष दुहेरी संकेतांचा. जुन्या कोष्टकांशी जुळवून घेण्यासाठी युनिकोडने 'मायक्रो'चे चिन्ह १८१ वर ठेवले आणि ग्रीक 'म्यू' ९५६ वर. ओहमचे चिन्ह ८४८६ वर, तर ग्रीक 'ओमेगा' (Ω) ९३७ वर. डोळ्यांना दोन्ही सारखेच; पण एक शोधायला गेले तर दुसरे सापडेलच, याची खात्री नाही. ओहमसाठी ग्रीक ओमेगाच वापरा, असे पुढे युनिकोडलाच सांगावे लागले.

दुसरा दोष घातांकांचा. ² आणि ³ हे जुन्या कोष्टकातून आलेले, म्हणून १७८ आणि १७९ वर. ⁴ मात्र दूर ८३०८ वर. एखाद्या फाँटमध्ये पहिले दोन असतात, पुढचे नसतात. मग यंत्र दुसऱ्या फाँटकडून अंक उसना आणते, किंवा रिकामी चौकट दाखवते. चौकट निदान प्रामाणिक तरी असते! अंक नुसताच लहान करून वर चढवलेला असेल, तर साध्या मजकुरात तो खाली उतरतो आणि दहाचा सहावा घात १०६ होतो. दहा लाखांचे एकशे सहा! आपल्या देवनागरी अंकांना तर घातांकाचे स्वतंत्र संकेतच नाहीत. सामवेदाच्या स्वरांकनासाठी अक्षराच्या डोक्यावर बसणारे अंक युनिकोडमध्ये आहेत, पण ते या कामाचे नाहीत.

हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. औषधाच्या मात्रेतला मायक्रोग्रॅम मिलिग्रॅम वाचला गेला, तर मात्रा हजारपट होते. हस्ताक्षरातही ही गल्लत होते. म्हणून अमेरिकेतील 'इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस' ही संस्था म्यूचे चिन्ह टाळून 'एमसीजी' अशी अक्षरे लिहायला सांगते. जिथे चूक परवडत नाही, तिथे चिन्हापेक्षा अक्षर बरे, असाच याचा अर्थ.

तेव्हा सगळा दोष युनिकोडच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. पडद्यावर बरोबर दिसले म्हणजे बरोबर लिहिले, हा आपला समजही तितकाच दोषी आहे. माझ्या टिपणात मी तेच केले होते. शिक्षकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. फाँट बदलून चिन्ह 'दाखवू' नका; चिन्हांच्या यादीतून खरे चिन्ह घ्या. एकक पहिल्यांदा येईल तिथे ते शब्दांत लिहा. 'मायक्रोमीटर' असे लिहिलेले कोणत्याही मोबाइलवर मिलिमीटर होत नाही. आणि प्रश्नपत्रिका पाठवण्यापूर्वी तिचा मजकूर नोटपॅडसारख्या साध्या जागी उतरवून पाहा. तिथे जे टिकेल, त्यावरच विसंबावे.

वर्गातही हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. दहा एकके आणि घातांक लिहिलेला एक परिच्छेद मुलांना चार वेगवेगळ्या मोबाइलवर उघडायला सांगा. काय बिघडले ते विचाराच. पण बिघडलेले कशावरून ओळखले, तेही विचारा. त्या बाईंना चूक सापडली ती संगणकाच्या ज्ञानामुळे नव्हे. सात मिलिमीटर म्हणजे केवढे, हे त्यांना ठाऊक होते आणि तेवढी रक्तपेशी केशवाहिनीतून जाणार कशी, हा प्रश्न त्यांना पडला होता.