ध्वनिवर्धित ब्लूज हार्मोनिका आणि मुठीतील मायक्रोफोन : निवडीच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी श्रोत्याला माउथ ऑर्गन परिचित आहे तो प्रामुख्याने हिंदी चित्रपटसंगीतातून. १९६४ सालच्या ‘दोस्ती’ या चित्रपटासाठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतात राहुलदेव बर्मन यांनी वाजविलेला माउथ ऑर्गन अनेकांच्या स्मरणात आहे. त्या वादनातील स्वर स्वच्छ, सुटा आणि गोड आहे. अशा नादाची सवय झालेल्या कानांना शिकागोच्या ब्लूज संगीतातील हार्मोनिका प्रथम ऐकताना सदोष वाटण्याची शक्यता असते. तो नाद जाड आहे, खरखरीत आहे. तो कधी सॅक्सोफोनसारखा, तर कधी बसक्या मानवी आवाजासारखा भासतो. वाद्य मात्र तेच आहे : लाकडी चौकटीवर बसविलेल्या पितळी रीड, दहा छिद्रे आणि वादकाचा श्वास.

हा फरक घडतो तो वादक ओठाशी, हार्मोनिकाच्या मागे, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरीत असलेल्या लहानशा मायक्रोफोनमुळे आणि त्याला जोडलेल्या ध्वनिवर्धकामुळे. त्यामुळे ‘कोणता मायक्रोफोन निवडावा?’ हा प्रश्न वरकरणी खरेदीचा वाटला, तरी तो मूलतः सौंदर्यदृष्टीचा प्रश्न आहे. या निवडीविषयी रूढ झालेल्या समजुतींची चिकित्सा करून अधिक समर्थनीय निकष कोणते असावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

१. ध्वनिवर्धित हार्मोनिकाचा उदय

जर्मनीतील होनर कंपनीने १८९६ साली ‘मरीन बँड’ हे दहा छिद्रांचे हार्मोनिका बाजारात आणले. स्वस्त, खिशात मावणारे आणि टिकाऊ असल्यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या हाती ते सहज पोहोचले. युरोपीय लोकगीतांसाठी घडविलेल्या या वाद्यातून त्यांनी वेगळीच भाषा निर्माण केली. वाद्याच्या मूळ स्वरात न वाजविता त्याच्या पंचमाला षड्ज मानून वाजविणे आणि श्वास आत ओढताना मुखपोकळीचा आकार बदलून स्वर खाली वाकविणे, ही त्या भाषेची दोन प्रमुख लक्षणे होत.

या परंपरेतील सनी टेरी (१९११–१९८६) यांच्यासारखे वादक मायक्रोफोन हातात न धरता वाजवीत. त्यांचे हात वाद्याभोवती उघडत-मिटत आणि त्यातून स्वराला स्वरवर्णांसारखी उघडझाप मिळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेतील कृष्णवर्णीय समाजाचे मोठ्या प्रमाणावर उत्तरेकडे स्थलांतर झाले, तेव्हा हे संगीतही शिकागोला आले. तेथील मॅक्सवेल स्ट्रीटच्या उघड्या बाजारात आणि दक्षिण भागातील गजबजलेल्या मद्यालयांत विजेवर चालणारी गिटार व ड्रम यांच्यापुढे हार्मोनिकाचा उघडा आवाज टिकणे शक्य नव्हते. ध्वनिवर्धन ही या परिस्थितीने निर्माण केलेली गरज होती. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असलेल्या स्नूकी प्रायर यांनी सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या यंत्रणेतून आपण हार्मोनिका वाजविल्याचे पुढे सांगितले आहे.

तथापि या गरजेचे कलेत रूपांतर करण्याचे श्रेय सर्वाधिक जाते ते लिटल वॉल्टर (मॅरियन वॉल्टर जेकब्ज, मृत्यू १९६८) यांच्याकडे. मडी वॉटर्स यांच्या वाद्यवृंदातील या तरुण वादकाने मे १९५२ मध्ये ‘ज्यूक’ ही शब्दविरहित रचना ध्वनिमुद्रित केली. चेकर या मुद्रेखाली प्रसिद्ध झालेली ही ध्वनिमुद्रिका ‘बिलबोर्ड’च्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे अग्रस्थानी राहिली. आवाज मोठा होणे हा ध्वनिवर्धनाचा प्राथमिक हेतू होता. ‘ज्यूक’मध्ये तो हेतू मागे पडून ध्वनिवर्धनातून उद्भवणारी विकृती हीच अभिव्यक्तीची सामग्री झाली.

२. ‘बुलेट’ मायक्रोफोनचे कूळ

या परंपरेशी जोडली गेलेली उपकरणे संगीतासाठी तयार झालेली नव्हती, ही बाब येथे महत्त्वाची आहे. शुअर कंपनीचा १९४९ साली आलेला ‘५२०’ हा मायक्रोफोन बंदुकीच्या गोळीसारख्या आकारामुळे व हिरव्या रंगामुळे ‘ग्रीन बुलेट’ म्हणून ओळखला गेला. ओहायो राज्यातील ॲस्टॅटिक कंपनीचा ‘जेटी-३०’ हा त्याच घाटाचा दुसरा प्रसिद्ध मायक्रोफोन. बिनतारी संभाषण, हौशी रेडिओ-केंद्रे, सार्वजनिक सूचना अशा कामांत बोलणे समजावे, एवढीच अशा उपकरणांकडून अपेक्षा असे. ‘ग्रीन बुलेट’च्या वंशातील ‘५२०-डीएक्स’ या प्रतिमानासाठी कंपनीने दिलेली कंप्रतामर्यादा १०० ते ५,००० हर्ट्झ आहे. याउलट गायनासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘एसएम-५८’ची मर्यादा ५० ते १५,००० हर्ट्झ आहे. ध्वनीच्या यथार्थ ग्रहणाचा निकष लावल्यास पहिले उपकरण दुसऱ्याहून उणे ठरते. परंतु हार्मोनिकाच्या बाबतीत ही उणीवच उपकारक ठरली. रीडच्या नादातील तीक्ष्ण उच्च स्वरांश त्यामुळे गाळले जातात व मधल्या पट्ट्यातील भरदार अंश पुढे येतो.

‘जेटी-३०’च्या जुन्या नगांत रोशेल मिठाचा स्फटिक असे. दाब दिल्यावर स्फटिकात विद्युत्‌भार निर्माण होतो, हा दाबविद्युत् परिणाम पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. रोशेल मीठ हा परिणाम प्रबळपणे दर्शविते. मात्र ते पाण्यात विरघळणारे व उष्णतेने बिघडणारे आहे. सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे विघटन सुरू होते. अतिशय दमट हवेत ते पाणी शोषते, तर अतिशय कोरड्या हवेत स्वतःतील पाणी गमावते. वादकाचा ओलसर श्वास सतत झेलणाऱ्या उपकरणात असा स्फटिक असणे हा मोठाच विरोधाभास आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत असे उपकरण जतन करणे किती जिकिरीचे आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

३. ओंजळ हेच वाद्याचे अंग

मायक्रोफोनच्या निवडीची चर्चा बहुधा उपकरणाच्या अंतर्भागाभोवती फिरते. प्रत्यक्षात नादाची पहिली घडण त्याच्या बाहेर, वादकाच्या ओंजळीत होते. हार्मोनिकाची मागील बाजू व मायक्रोफोनचे तोंड यांच्यामध्ये हातांनी बंद केलेली हवेची एक लहानशी पोकळी तयार होते. ही पोकळी जितकी घट्ट मिटलेली, तितका मायक्रोफोनच्या पडद्यावरील ध्वनिदाब वाढतो, खालचे स्वरांश बळावतात आणि वरचे मंदावतात. वाढलेला विद्युत्‌संकेत व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाला त्याच्या स्वच्छ मर्यादेपलीकडे ढकलतो. तेथेच ती इष्ट खरखर जन्माला येते. ओंजळ किंचित उघडताच दाब घटतो आणि स्वर पुन्हा निवळतो. म्हणजेच एकाच स्वरावर केवळ हाताच्या हालचालीने मलिन व निर्मळ अशा दोन टोकांमध्ये ये-जा करता येते.

या दृष्टीने पाहिल्यास मायक्रोफोनचा आकार हा सोयीचा गौण मुद्दा न राहता अभिव्यक्तीचा मध्यवर्ती मुद्दा होतो. ‘बुलेट’चे गोल, जड कवच धरण्यातच ओंजळीचा बराच भाग खर्ची पडतो. मोठ्या पंजाच्या वादकाला त्याभोवती पोकळी मिटविता येते. लहान पंजाच्या वादकाच्या बोटांमध्ये फटी राहतात आणि त्या फटींतून दाब निसटतो. शिवाय हात मायक्रोफोनला धरून ठेवण्यात गुंतल्यामुळे सनी टेरींच्या परंपरेतील उघडझाप जवळजवळ अशक्य होते. ध्वनिवर्धनाने हार्मोनिकाला बळ दिले, पण हाताची वाणी काही अंशी हिरावून घेतली. लहान व सडपातळ मायक्रोफोनचे महत्त्व येथे आहे : तो बळ राखून त्या वाणीचा काही भाग परत मिळवून देतो.

पॉल बटरफील्ड (१९४२–१९८७) यांचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. शिकागोतच घडलेल्या या वादकाचा नाद ‘बुलेट’शी नव्हे, तर शुअरच्या ‘५४५’ या निमुळत्या तोंडाच्या मायक्रोफोनशी निगडित आहे. त्यांचा स्वर लिटल वॉल्टर यांच्याहून अधिक कडक व उजळ आहे. तरीही तो ब्लूज परंपरेबाहेरचा आहे, असे कोणी म्हणत नाही.

४. जुनेपणाच्या मोहाची चिकित्सा

तरीही या क्षेत्रात एक समजूत दृढ आहे : अस्सल नाद हवा असल्यास १९५०च्या दशकातील ‘बुलेट’च हवा. या समजुतीमुळे जुन्या नगांना संग्राह्य वस्तूंचे मोल आले. या भूमिकेविरुद्ध तीन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप वस्तुस्थितीचा. कवच सारखे असले, तरी अंतर्भाग सारखा असतोच असे नाही. जुन्या ‘५२०’मधील चुंबकीय घटक आणि पुढे आलेल्या ‘५२०-डीएक्स’मधील घटक भिन्न आहेत. जुना स्फटिक तर अनेक दशकांच्या हवामानानंतर मूळ गुणधर्माचा राहिलेला असेलच, याची शाश्वती नसते. अशा वेळी बाह्य रूपाला अस्सलपणाचे प्रमाण मानणे तर्कसंगत ठरत नाही.

दुसरा आक्षेप ऐतिहासिक स्वरूपाचा. शिकागोच्या वादकांनी ही उपकरणे निवडली ती परंपरेच्या आदरापोटी नव्हे. ती स्वस्त होती, हाताशी होती आणि कानाला पटली. उपलब्ध वस्तूला तिच्या विहित कार्यापासून दूर नेऊन नवे कार्य देणे, हीच त्यांची प्रतिभा. आज त्याच वस्तूची चढ्या दराने पूजा करताना त्यांच्या कृतीचे अनुकरण होत नाही. केवळ तिच्या अवशेषाचे होते.

तिसरा आक्षेप मूल्यविषयक असून तो सर्वांत गंभीर आहे. नादाचे श्रेय यंत्राला दिले की ते वादकाकडून काढून घेतले जाते. ‘ज्यूक’मधील वाक्यांची बांधणी, तालाच्या मागे-पुढे राहण्याची मोकळीक, श्वासाची मात्रा आणि मुखपोकळीचे नियंत्रण यांपैकी काहीही मायक्रोफोनमध्ये साठविलेले नाही. निर्धन पार्श्वभूमीतून आलेल्या कृष्णवर्णीय कलावंताच्या बुद्धिपूर्वक घडविलेल्या कलेला उपकरणाचा चमत्कार ठरविणे, हा नकळत का होईना, त्याच्यावर होणारा अन्याय आहे.

याचा अर्थ उपकरण निरर्थक आहे असा नाही. नादाच्या घडणीत त्याचा वाटा निश्चित आहे. परंतु तो वाटा हाताच्या व श्वासाच्या संदर्भातच तपासला पाहिजे.

५. निवडीचे पर्यायी निकष

उपरोक्त विवेचनावरून चार निकष मांडता येतात.

पहिला निकष मिटण्याचा : मायक्रोफोन व हार्मोनिका एकत्र धरल्यावर वादकाच्या स्वतःच्या हातांना पोकळी विनासायास बंद करता येते काय? ‘एसएम-५८’सारख्या मायक्रोफोनच्या चेंडूसारख्या जाळीत बरीच हवा असते व ती चारी बाजूंनी उघडी असते, त्यामुळे ती मिटविणे कठीण जाते. सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीचा ‘एसएम-५७’ किंवा हार्मोनिकासाठीच आखूड बांधणीचा बनविलेला ऑडिक्स कंपनीचा ‘फायरबॉल’ या बाबतीत अधिक अनुकूल ठरतात.

दुसरा निकष अंतराचा : एकच वाक्य उघड्या, अर्धमिटल्या व पूर्ण मिटल्या ओंजळीने, ध्वनिवर्धकाची मांडणी न बदलता वाजवून पाहावे. तिन्ही वेळा जवळजवळ सारखीच खरखर ऐकू येत असेल, तर ते उपकरण पहिल्या क्षणी कितीही प्रभावी वाटले, तरी दीर्घ वादनात एकसुरी ठरेल. ज्यात हळुवार श्वास स्वच्छ राहतो आणि जोराचा श्वास फाटतो, ते उपकरण वादकाच्या अधीन असते.

तिसरा निकष जुळणीचा. संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती विद्युत्‌प्रवाहाला होणारा एकूण विरोध, येथे विचारात घ्यावा लागतो. गिटारसाठीच्या व्हॉल्व्ह ध्वनिवर्धकाचे आगममुख सामान्यतः १० लाख ओहमचे असते, तर ‘एसएम-५७’सारखा मायक्रोफोन सुमारे १५० ओहम वर्गातील. अशा मायक्रोफोनसाठी मधे जुळणीचा ट्रान्सफॉर्मर न लावल्यास संकेत क्षीण राहतो व दोष मात्र मायक्रोफोनला दिला जातो. स्फटिकाची अडचण उलट स्वरूपाची आहे : त्याला आगममुखाचा विरोध अपुरा पडल्यास खालचे स्वरांश घटतात.

चौथा निकष रंगमंचाचा. गायनाचे मायक्रोफोन बहुधा समोरचा ध्वनी घेऊन मागचा टाळतात. त्यासाठी त्यांच्या पडद्यामागे छिद्रे ठेवलेली असतात. ओंजळीने ती छिद्रे झाकली की हा गुण लोप पावतो. त्यामुळे दिशासंवेदी मायक्रोफोन निवडल्याने मंचावरील शिट्टी टळेल, ही अपेक्षा फोल ठरते. मायक्रोफोनवरच आवाज कमी करण्याची कळ असणे हा उपाय अधिक व्यवहार्य आहे. काही वादक ध्वनिवर्धकातील पहिला व्हॉल्व्ह बदलून कमी वर्धनाचा बसवितात, तोही याच कारणासाठी.

समारोप

ध्वनिवर्धित ब्लूज हार्मोनिकामध्ये मायक्रोफोन हा ध्वनीचा तटस्थ वाहक नाही. वादकाचा श्वास, त्याचे हात व ध्वनिवर्धक यांना जोडणारा तो वाद्याचाच एक अवयव आहे. म्हणून त्याची निवड यथार्थ ध्वनिग्रहणाच्या तक्त्यावरून करणे जितके अपुरे, तितकेच ती जुनेपणाच्या प्रतिष्ठेवरून करणे अपुरे. हाताला मिटविता येणारा, श्वासातील फरक नादात उतरविणारा व उपलब्ध ध्वनिवर्धकाशी जुळणारा लहान मायक्रोफोन हा सामान्य वादकासाठी दुर्मीळ ‘बुलेट’हून अधिक सार्थ पर्याय ठरू शकतो. ज्याच्या पंजात ‘बुलेट’ सहज मिटतो, त्याने तो अवश्य वापरावा. मात्र त्याचे समर्थन त्याच्या वयात न शोधता हातात शोधावे. शिकागोच्या वादकांनी हाताशी असलेल्या साधनाची पारख स्वतःच्या कानाने केली होती. त्यांच्या वारशाशी इमान राखण्याचा अधिक खरा मार्ग तीच पारख पुन्हा करण्यात आहे.