एक-एक म्हणजे थांब

जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात विहिरीवरची थ्री-फेज मोटर उलटी फिरायला लागली की पाणी कमी येतं. वायरमन तीनपैकी दोन फेज अदलाबदल करतो आणि काम भागतं. कायमचं लोहचुंबक असलेली बारा व्होल्टची डीसी मोटर त्याहून भोळी: दोनच वायरी, उलट्या जोडल्या की ती उलटी फिरते. (३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला निघालेल्या १५०० व्होल्ट डीसी गाडीचं एवढ्यावर भागलं नसतं. तिच्या सिरीज मोटरला पुरवठा उलटा दिला तर फील्ड आणि आर्मेचर दोन्ही उलटतात, दिशा तीच राहते.)

आता ही अदलाबदल संगणकाकडून करून घ्यायची आहे. हाताशी डेटा अक्विझिशनचा डबा, एनआय यूएसबी-६००८. त्याचं अॅनालॉग आउटपुट ० ते ५ व्होल्ट, तेही ५ मिलीअँपिअरपर्यंत. ऋण व्होल्टेज नाहीच, मग मोटर उलटी फिरवणार कशी? म्हणून मध्ये एल२९३डी ही सोळा पायांची चिप येते आणि दोन डिजिटल लाइनींवर काम होतं.

दाद द्यायची ती इथे. मोटरच्या प्रत्येक टोकाला चिपमधला एक अर्धा पूल, म्हणजे वर धनाकडचा आणि खाली जमिनीकडचा असे दोन स्विच. इनपुटला एक दिलं की ते टोक धनाला, शून्य दिलं की जमिनीला. वरचा आणि खालचा स्विच एकदम चालू करून पुरवठाच शॉर्ट करणारी आज्ञा या भाषेत लिहिताच येत नाही. एक-शून्य सुलट, शून्य-एक उलट. बहुतेकांचं वाचन इथेच संपतं. खरी गंमत उरलेल्या दोन जोड्यांत आहे. शून्य-शून्य किंवा एक-एक दिलं की दोन्ही टोकं जवळपास एकाच पातळीवर येतात. फिरती मोटर जनित्र होते, तिचाच प्रवाह तिच्याच गुंडाळ्यांतून फिरतो आणि ती करकचून थांबते. चिपचा एनेबल पाय शून्य केला तर मात्र सगळे स्विच सुटतात आणि मोटर आपल्या मर्जीने मंदावते.

यूएसबी-६००८ च्या डिजिटल लाइनींना आत ४.७ किलोओहमचा पुल-अप आहे. केबल लावली, प्रोग्रॅम अजून सुरूही नाही, तेव्हा दोन्ही लाइनी ५ व्होल्टकडे ओढलेल्या असतात. म्हणजे एक-एक. म्हणजे थांब! एकाच लाइनीवर ट्रान्झिस्टर टांगून मोटर चालवणाऱ्याची मोटर अशा वेळी आपसूक सुटली असती.

भरवेगात एक-शून्यवरून थेट शून्य-एकवर जाणं मला असभ्य वाटतं. त्या क्षणी मोटरचा स्वतःचा विरोधी दाब पुरवठ्यात मिळवला जातो आणि प्रवाह जाम मोटरच्याही जवळपास दुप्पट होऊ पाहतो. चिपची कुवत सलग ६०० मिलीअँपिअर. मध्ये एक-एकचा थांबा घ्यावा, मोटर स्थिर होऊ द्यावी, मग वळावं.

खोट काढायचीच तर एक आहे. पूर्ण भाराला ही चिप दोन-अडीच व्होल्ट स्वतःच खाते आणि तापते. मधले चार जमिनीचे पाय ती उष्णता बोर्डाच्या तांब्यात उतरवतात, पण बारा व्होल्ट देऊन मोटरला साडेनऊच मिळतात. मॉसफेटचा पूल इतका खाऊ नाही.